जूनमध्ये पहाटे धूर का येतो, आणि टाउनच्या कायद्यात काय मागावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या एका खेड्यावजा टाउनमध्ये तुम्ही दोन वर्षांपूर्वी घर घेतलंत. शेजाऱ्याच्या परसात, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून साधारण १५० फुटांवर, पत्र्याच्या छोट्या खोलीसारखी दिसणारी, लाकूड जाळून घर तापवायची भट्टी आहे. एप्रिलपासून आई-बाबा साताऱ्याहून तुमच्याकडे राहायला आलेत. बाबांना दमा आहे, आणि जून उजाडला तरी पहाटे त्यांच्या खोलीत धूर भरतो. टाउन बोर्डानं, म्हणजे टाउनच्या कारभारी मंडळानं, या भट्ट्यांसाठी कायद्याचा मसुदा काढलाय, पण त्यात कामाचं वाक्य एकच आहे: शेजाऱ्यांना त्रास होईल इतका धूर करू नये. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात कसला धूर, आणि आपण सरळ बंदीच मागावी का.

मी मेकॅनिकल इंजिनियर. पहिली अकरा वर्षं याच भागात घरांच्या हीटिंगची कामं केली. त्यात या भट्ट्या स्वतः बसवल्याही आहेत. नंतर टाउनच्या इमारत-नियम खात्यात काम केलं आणि तीन-चार टाउनना असे कायदे लिहायला मदत केली. म्हणून उत्तर आधीच सांगते. ते एक वाक्य मान्य करू नका, त्यानं तुमच्या बाबांची एकही पहाट सुधारणार नाही. बंदी हा वस्तीपुरता मागायचा उपाय आहे, सगळ्या टाउनसाठी नव्हे. मागायचं ते असं, की ज्याची तपासणी भरदुपारी, टेप आणि कॅलेंडर घेऊन आलेला साधा माणूस करू शकेल. आणि जुन्या भट्टीला शेवटची तारीख मागायची. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या आधारानं उभं राहतं.

आता भट्टी समजून घेऊ, कारण ती समजली नाही तर सुनावणीत तुमचं बोलणं नुसती तक्रार ठरेल.

तुमच्या आजोळी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असेलच. मधोमध नळकांडं, खाली जाळी, नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. आमच्या घरी आजी पहाटे नारळाच्या शेंड्या आणि काटक्या घालून तो पेटवायची. पहिली पाच मिनिटं परसभर धूर व्हायचा, मग नळकांडं तापलं, वारा खेचायला लागला की जाळ असा काही लागायचा की धूर दिसेनासा व्हायचा. पाणी तापलं की जाळ संपलेलाच असायचा. बाहेरची लाकडी भट्टी म्हणजे हाच बंब, पण माणूसभर उंच. मोठी पोलादी पेटी, तिच्याभोवती शेकडो गॅलन पाणी, जमिनीखालून इन्सुलेशन केलेल्या नळ्या, आणि त्या नळ्यांतून घरात जाणारं गरम पाणी. खोल्या त्यावरच तापतात आणि आंघोळीचं पाणीही त्यावरच.

फरक एका ठिकाणी आहे. आजी बंबात लागेल तेवढंच घालायची. इथे माणूस सकाळी एकदा आणि रात्री एकदा ओंडके भरतो आणि निघून जातो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं, समजा १८० अंश फॅरनहाइट, की थर्मोस्टॅट हवेची झडप बंद करतो. आत पेटीभर पेटलेलं लाकूड आहे आणि त्याला हवा नाही. ते विझत नाही, धुमसतं. पाणी थंड झालं की झडप उघडते, आणि आत साठलेला तो दाट, ओला, पिवळट पांढरा धूर एकदम बाहेर पडतो. तो फारसा गरम नसतो, त्यामुळे वर जात नाही. बऱ्याच जुन्या भट्ट्यांचं धुराडं दहा-बारा फुटांचं असतं, म्हणजे धूर सुटतो तोच तुमच्या खिडकीच्या उंचीवर.

यातच तुमच्या जूनच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जानेवारीत घराला उष्णतेची भूक असते, भट्टी बराच वेळ हवा घेऊन जळते. जूनमध्ये तिला काम उरतं फक्त आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचं. दिवसातला तासभर ती जळते आणि उरलेला सगळा वेळ धुमसते. म्हणजे लाकूड कमी जळतं, पण जे जळतं ते सगळ्यात वाईट तऱ्हेनं जळतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या खिडक्या उघड्या असतात. आपली आई-बाबा मंडळी तर इथे उन्हाळ्यातच येतात. त्यांनाच हा धूर सगळ्यात जास्त भोगावा लागतो, आणि बोर्डापुढे त्यांच्या वतीनं कोणी बोलत नाही, कारण ऑक्टोबर आला की ते परत गेलेले असतात. तुम्ही बोला.

हा धूर किती, याचा अंदाज देते. ईशान्येकडच्या आठ राज्यांच्या हवा-खात्यांची नेसकॉम नावाची एकत्र संस्था आहे. तिनं मार्च २००६ मध्ये या भट्ट्यांवर अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं की अशा एका भट्टीतून सरासरीनं जितके सूक्ष्म कण बाहेर पडतात तितके २२ प्रमाणित (धुराच्या चाचणीत उतरलेले) लाकडी स्टोव्ह, २०५ तेलावरच्या भट्ट्या, किंवा ८,००० पर्यंत नैसर्गिक वायूवरच्या भट्ट्या मिळून सोडतात. हे आकडे जुन्या बनावटीच्या भट्ट्यांचे आहेत, आणि तुमच्या वर्णनावरून शेजाऱ्यांची भट्टी त्याच पिढीतली दिसते. सूक्ष्म कण म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाचे. ते नाकात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. खिडकी बंद केली तरी घरात येतात, कारण लाकडी घर काही बाटली नव्हे.

कायद्याचे तीन थर आहेत. केंद्राचा, राज्याचा आणि टाउनचा. लोक इथेच गोंधळतात, म्हणून एकेक सांगते.

केंद्राच्या पर्यावरण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, २००७ मध्ये उत्पादकांसाठी ऐच्छिक कार्यक्रम काढला. सक्तीचा नियम आला २०१५ मध्ये. त्या वर्षी १५ मेपासून नव्या भट्टीला दर दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उपयोगी उष्णतेमागे ०.३२ पाउंड कणांची मर्यादा लागली, आणि १५ मे २०२० पासून ती ०.१० वर आली. उतार मोठा आहे, आणि त्यामुळे यंत्रं खरंच बदलली. पण हा नियम बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला लागतो. तुमच्या शेजाऱ्याकडे २००४ सालची भट्टी असेल तर ईपीए तिच्याकडे बघणारसुद्धा नाही. सुनावणीत कोणीतरी उठून हमखास म्हणतं, ‘केंद्राचा नियम आहेच की, आपण कशाला आणखी करायचा?’ त्याला हे उत्तर द्या.

न्यूयॉर्क राज्याचा नियम, भाग २४७, डिसेंबर २०१० मध्ये मंजूर झाला. १५ एप्रिल २०११ पासून राज्यात घरगुती आकाराची नवी भट्टी प्रमाणितच हवी, शेजारच्या हद्दीपासून किमान १०० फूट दूर हवी आणि धुराडं जमिनीपासून किमान १८ फूट उंच हवं. त्याच नियमात एक कलम फार कामाचं आहे, आणि ते कोणी वाचत नाही. भट्टीच्या धुरानं शेजारच्या घरातला स्मोक डिटेक्टर वाजणं, किंवा रस्त्यावर दिसेनासं होणं, याला ते नाव घेऊन उपद्रव म्हणतं. तुमच्याकडे पहाटे डिटेक्टर कधी वाजला असेल तर ती तारीख आणि वेळ आजच लिहून ठेवा. ‘आम्हाला त्रास होतो’ या वाक्याचा पुरावा होत नाही. ‘११ जूनला पहाटे ४.२० ला डिटेक्टर वाजला’ याचा होतो.

राज्याचा नियम म्हणजे किमान पातळी. टाउन त्याच्यापेक्षा कडक होऊ शकतं, सैल होऊ शकत नाही. तुमच्या बोर्डाच्या हातात जे आहे ते हेच.

आता मसुद्यातल्या त्या वाक्याकडे येते. ‘त्रास होईल इतका धूर’ हे ठरवणार कोण आणि कसं? हवा-खात्यांकडे धूर मोजायची एक अधिकृत पद्धत आहे, तिला मेथड नाइन म्हणतात. मी ती शिकले, दर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. मैदानात एक यंत्र पांढऱ्या धुराचे २५ आणि काळ्या धुराचे २५ लोट सोडतं आणि प्रत्येक लोट किती टक्के अपारदर्शक आहे ते नुसत्या डोळ्यांनी सांगायचं. शेताच्या बांधावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं, हातात तक्ता, आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. प्रत्यक्ष तपासणीत सूर्य पाठीशी हवा. दर १५ सेकंदांनी एकदा बघायचं, अशा २४ नोंदी, म्हणजे सहा मिनिटं, आणि त्यांची सरासरी. पद्धत चोख आहे. पण तिला सूर्य लागतो. तुमचा धूर येतो रात्री दहा ते सकाळी सहा. लहान टाउनचा अधिकारी आठवड्यातून दोन-तीन दिवस, दुपारी कामावर असतो. तो येतो तेव्हा भट्टीच्या तोंडाशी हलकी निळसर वाफ असते. तो लिहितो, ‘आक्षेपार्ह काही आढळलं नाही,’ आणि तो खोटं लिहीत नसतो.

एका टाउनमध्ये मी स्वतः हे अनुभवलं. कायदा झाला होता, वाक्य जवळजवळ तुमच्या मसुद्यातलंच होतं. एक आजी दोन हिवाळे तक्रार करत राहिल्या. शेवटी फेब्रुवारीत मी पहाटे पाचला त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. नदीकाठची खोलगट जागा, रात्रभर आकाश निरभ्र, वारा नाही. अशा रात्री थंड हवा तळाशी साचते आणि वर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसते. भट्टी त्यांच्यापासून ३०० फुटांवर होती. धुराचा पांढरा थर छपराच्या खाली, कुंपणाच्या वर, आडवा पसरला होता. त्याच्यावरच्या आकाशात चांदण्या स्वच्छ दिसत होत्या. माझ्या कोटाला तो वास आठवडाभर राहिला. आणि माझ्या हातात त्या आजींना देण्यासारखं काही नव्हतं, कारण अंधारात माझं प्रमाणपत्र चालत नाही आणि कायद्यात दुसरं काही लिहिलेलंच नव्हतं. त्या पहाटेपासून मी प्रत्येक मसुद्यात एकच प्रश्न विचारते: हे दिवसा तपासता येईल का?

दिवसा तपासता येण्यासारखं काय असतं, ते आता सांगते.

अंतर. शेजारच्या व्हरमाँट राज्यानं १९९७ मध्येच शेजाऱ्याच्या घरापासून २०० फूट ठरवलं. कनेक्टिकटचा कायदा जुलै २००५ चा. तिथेही शेजारच्या घरापासून २०० फूट, शिवाय ५०० फुटांच्या आत घरं असतील तर धुराडं त्यांच्या छपराच्या माथ्यापेक्षा उंच हवं, पण ५५ फुटांपेक्षा जास्त नको. न्यूयॉर्कचं मोजमाप घरापासून नाही, हद्दीपासून आहे, आणि ते मला जास्त पटतं. घरापासून मोजलं की बाजूचा प्लॉट मोकळा असताना भट्टी बसते, आणि पाच वर्षांनी तिथे घर बांधणाऱ्याला आपल्याच जमिनीत जागा शोधत फिरावं लागतं. मसुद्यात ‘हद्दीपासून’ आहे की ‘घरापासून’, एवढा एक शब्द तपासा. आणि वरची नदीकाठची गोष्ट लक्षात ठेवा: खोलगट भागात ३०० फूटही पुरत नाहीत. तुमचं टाउन दरीत असेल तर तेवढ्या भागासाठी वेगळं अंतर किंवा सरळ बंदी मागणं योग्य ठरेल.

धुराड्याची उंची. इथे एक इशारा. लोक उंची वाढवायची म्हणून साधा एकेरी पाइप जोडतात. धूर आधीच थंड, लांब पाइपात तो आणखी थंड होतो आणि आतल्या बाजूला क्रिओसोट साचतं, डांबरासारखी चिकट काजळी. ती एखाद्या दिवशी पेट घेते. कायद्यात ‘इन्सुलेशन असलेला दुहेरी पाइप, उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे, ताण देऊन बांधलेला’ असं स्पष्ट लिहायला सांगा. नाहीतर शेजाऱ्याचा धूर कमी करताना आपण त्याच्या घराला आगीच्या दारात उभं करू.

हंगाम. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं कलम हेच. मॅसॅच्युसेट्सच्या २००८ च्या नियमात अप्रमाणित जुन्या भट्ट्यांसाठी १५ एप्रिल ते १५ ऑक्टोबर असा बंद काळ आहे. मी लिहिलेल्या मसुद्यांत मी नेहमी हेच मागितलं, आणि बोर्डांना ते पटतंही, कारण उन्हाळ्यात पाणी तापवायला लहानसा विजेचा किंवा गॅसचा हीटर पुरतो आणि कोणाचं घर थंड पडत नाही. तपासणी तर मुलालाही जमेल: जुलै महिना, धुराड्यातून धूर, नियमभंग. यासाठी ना यंत्र लागतं ना परीक्षा.

इंधन. वाळलेलं लाकूड, ज्यात ओलावा २० टक्क्यांच्या आत आहे. ओलावा मोजायचं छोटं दोन टोच्यांचं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पण ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं, बाहेरून टोचलं तर वाळलेलाच दाखवतो. कचरा, प्लायवूड, रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड, टायर, यांना साफ मनाई. या भट्टीचं तोंड इतकं मोठं असतं की माणसाला मोह होतो. मी जुन्या पलंगाची अख्खी फळी आत जाताना पाहिली आहे. राख तपासली की सगळं कळतं. लाकडाच्या राखेत खिळे, बिजागऱ्या, स्टेपलच्या पिना सापडत नाहीत. कायद्यात अधिकाऱ्याला परवान्याच्या अटीनुसार राख आणि लाकडाचा साठा बघायची मुभा ठेवली की काम होतं.

परवाना. प्रत्येक भट्टीला, जुन्याही. नकाशावर जागा, मॉडेल, वर्ष. निम्म्या टाउनना आपल्या हद्दीत किती भट्ट्या आहेत हेच माहीत नसतं.

आता जुन्या भट्टीचं काय? खरी लढाई इथे आहे, आणि सुनावणीत वातावरणही इथेच तापतं. झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या जागेवर काय उभारता येतं ते ठरवणाऱ्या, कायद्यात एक तत्त्व पक्कं आहे: नियम होण्याआधी जे कायदेशीरपणे बसवलंय त्याला नवा नियम सहसा हटवू शकत नाही. म्हणून शेजारी म्हणतील, ‘माझी आधीपासूनची आहे,’ आणि अंतराच्या बाबतीत ते बरोबर असतील. पण जागा हा एक प्रश्न आणि वापर हा दुसरा. आरोग्यासाठी टाउनला जो वेगळा अधिकार असतो, त्याखाली कधी जाळायचं, काय जाळायचं, धुराडं किती उंच ठेवायचं, हे जुन्या भट्टीलाही लागू करता येतं. म्हणून मसुदा नुसता झोनिंगच्या प्रकरणात घालू नका म्हणावं. अंतराची कलमं झोनिंगमध्ये आणि हंगाम, इंधन, उंची ही आरोग्याच्या स्वतंत्र स्थानिक कायद्यात. टाउनच्या वकिलाला हा फरक माहीत असतो, पण कोणी विचारल्याशिवाय तो सुचवत नाही.

आणि शेवटची तारीख. एक साधा मार्ग घर विकण्याशी जोडलेला आहे. ओरेगॉननं १ ऑगस्ट २०१० पासून अप्रमाणित लाकडी स्टोव्ह घर विकताना काढून टाकणं सक्तीचं केलं. बाहेरच्या भट्टीलाही तोच न्याय लावता येतो: घर विकलं, किंवा भट्टी गंजून पाणी गळायला लागली आणि बदलायची वेळ आली, की जुनी पुन्हा नाही. पाणी गळण्याची वेळ येतेच. पोलाद आणि ओल्या लाकडाचं आम्ल यांचं जमत नाही. मी बारा-पंधरा वर्षांच्या भट्ट्यांना आतून ठिगळं लावलेली पाहिली आहेत. त्या दिवशी मालक वेल्डरला बोलावतो की नवी घेतो, हे तुमच्या कायद्यावर अवलंबून असतं. ‘पेटीची दुरुस्ती म्हणजे नवी भट्टी बसवणं’ एवढं वाक्य व्याख्येत घातलं की प्रश्न सुटतो.

शेजाऱ्यांबद्दलही दोन शब्द, कारण मी त्यांच्या बाजूनंही काम केलंय. या भागात बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूची लाइन नाही. तेल किंवा प्रोपेन, आणि दर वर्षी भाव वेगळा. ज्याच्याकडे स्वतःची दहा-वीस एकर झाडी आहे त्याला लाकूड म्हणजे घरचं धान्य. त्यानं कर्ज काढून भट्टी घेतली असते, आणि विकणाऱ्यानं त्याला सांगितलेलं असतं की ओलं लाकूडही चालतं. त्याला कोणी फसवलंय, तो तुम्हाला फसवत नाही. म्हणून सुनावणीच्या आधी एकदा त्यांच्याकडे जा. संध्याकाळी, मोकळ्या वेळी, आणि बाबांना बरोबर घेऊन जा. मी पाहिलेल्या प्रकरणांपैकी बरीच अशा भेटीनं निम्मी हलकी झाली. जूनमध्ये आंघोळीच्या पाण्यासाठी वेगळा हीटर लावायची कल्पना त्यांना कोणी सुचवलेलीच नसते. काही ठिकाणी त्याचा निम्मा खर्च तक्रारदारानंच आनंदानं उचलला. आणि भट्टी बदलायचं त्यांच्या मनात असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा: नव्या प्रमाणित भट्टीत धूर दुसऱ्या कप्प्यात पुन्हा जळतो, आणि सोबत मोठी पाण्याची टाकी घेतली तर ती भट्टी धुमसत बसत नाही. ती एकदाच जोरात जळते, उष्णता टाकीत साठवते आणि विझते. आजीच्या बंबासारखी. लाकूडही बरंच कमी लागतं, आणि लाकूड फोडणाऱ्याच्या पाठीला तो मुद्दा लगेच कळतो. राज्याच्या ऊर्जा संस्थेनं, म्हणजे नायसर्डानं, स्वच्छ लाकडी हीटिंगसाठी आणि जुनी भट्टी बदलण्यासाठी अर्थसाहाय्य दिलेलं आहे. सध्याची योजना आणि अटी त्यांच्या कार्यालयात विचारून, कागद हातात घेऊनच शेजाऱ्यांकडे गेलात तर आणखी चांगलं.

मग बंदी? जिथे प्लॉट अर्ध्या-पाऊण एकरांचे आहेत तिथे १०० फुटांचं अंतर बसतच नाही, म्हणजे नियमानंच बंदी होते. ती स्पष्ट शब्दांत लिहिणं जास्त प्रामाणिक. कनेक्टिकटमध्ये टोलंड, ग्रॅनबी अशा टाउननी थेट बंदी घातली. वॉशिंग्टन राज्यात लाकडी उपकरणांची मर्यादाच इतकी कडक आहे की या भट्ट्या तिथे बसत नाहीत. न्यू जर्सीत भट्टीतून दिसणारा धूर अर्ध्या तासात तीन मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही, आणि धुमसणारी भट्टी त्या परीक्षेत टिकत नाही. तिथल्या एडिसन गावाकडच्या आपल्या मंडळींना हा प्रकार क्वचितच माहीत असतो तो त्यामुळे. पण तुमच्या टाउनच्या बाहेरच्या अंगाला शंभर-शंभर एकरांची शेतं आहेत. सरसकट बंदी मागितलीत तर ते सगळे शेतकरी सुनावणीला येतील आणि तुमची बाजू तिथेच बुडेल. शिवाय न्यूयॉर्कच्या कृषी कायद्याचं कलम ३०५-अ शेती-क्षेत्रातल्या शेतकऱ्याला अवाजवी स्थानिक नियमांपासून संरक्षण देतं, त्यामुळे बोर्डाचा वकील आधीच हात आखडता घेईल. गावठाणात आणि दरीत बंदी, बाहेर अंतर आणि हंगाम, ही मांडणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते.

सुनावणीत बोलायला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं मिळतात. रागानं बोलू नका, रागाच्या भरात मुद्दा येण्याआधीच वेळ संपते. लेखी निवेदन आधी टाउन क्लार्ककडे, म्हणजे टाउनचं दफ्तर सांभाळणाऱ्याकडे, द्या, त्यावर पोच घ्या. सोबत चार आठवड्यांची वही जोडा: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, धूर घरात आला की नाही, बाबांनी इन्हेलर किती वेळा घेतला. फोटोत एखादी ओळखीची वस्तू ठेवा, शेड किंवा खांब, म्हणजे धुराची उंची कळते. डॉक्टरांचं एका परिच्छेदाचं पत्र पुरतं. बाबांना बोलायचं असेल तर बोलू द्या, मराठीत बोलले आणि तुम्ही भाषांतर केलंत तरी चालतं. ती तीन मिनिटं वेगळी मिळतात का ते क्लार्कला आधी विचारा. तोवर त्यांच्या खोलीत सूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर लावा, खोलीच्या आकाराला पुरेल असा, आणि रात्री वाऱ्याच्या बाजूची खिडकी बंद ठेवा. हा उपाय नव्हे, तात्पुरता आडोसा आहे.

अजून एक, आणि हे शेवटी लिहितेय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. मसुद्यात ‘बाहेरची भट्टी’ ही व्याख्या कशी केलीय ते बघा. नुसतं ‘इमारतीबाहेर ठेवलेली’ असं असेल तर कोणीही तिच्याभोवती चार खांब आणि पत्रा उभा करून ‘ही आता आत आहे’ म्हणेल. मी हे दोनदा पाहिलंय. राज्याच्या व्याख्येत बाहेर बसवायच्या भट्टीसोबतच ‘माणसं एरवी राहत नाहीत अशा बांधकामात’ बसवायची भट्टीही येते. तेच शब्द उचलायला सांगा. मसुद्याची प्रत मला पाठवलीत तर मी कलमं बघून खुणा करून देईन. पण सुनावणीच्या आठवडाभर आधी पाठवा, कारण बदल सुचवायचे तर ते बोर्डाच्या वकिलापर्यंत त्याआधी पोचायला हवेत.